सासूबाईंना आठ-दहा दिवस सेंटरमध्ये ठेवू का? कारण काहीच नाहीये, फक्त थकलेय

अबोली_डों

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज दुपारी त्यांचा डोळा लागलाय तेवढ्यात लिहून टाकते. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सासूबाई ८२ वर्षांच्या, अल्झायमर्स म्हणजे विसरण्याचा आजार, निदान होऊन पाच वर्षं झाली. आम्ही डोंबिवलीत, टू बीएचके. हे सकाळी सातला घर सोडतात ते रात्री साडेआठला येतात, मुलगा बंगलोरला, आणि नणंद इंदूरला पण तिची स्वतःची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिला कुठल्या तोंडाने सांगू. मी शाळेच्या लायब्ररीत होते, २०२२ ला सोडलं. तेव्हापासून दिवसभर आई आणि मी.

दिवसा एक वेळ बरं असतं. संध्याकाळी सहा वाजले की सुरू होतं. उशीचा अभ्रा काढतात, त्यात फणी, टीव्हीचा रिमोट, पोळीचे दोन तुकडे, माझा एखादा ब्लाउज असं भरून गाठ मारतात आणि दाराशी जाऊन उभ्या. "चिपळूणची गाडी चुकेल गं, अप्पा स्टँडवर येऊन थांबलेत." अप्पा म्हणजे त्यांचे वडील, त्यांना जाऊन पन्नास वर्षं झाली. आधी मी समजावायचे, मग विषय बदलायला शिकले, आता कधी कधी नुसती बघत बसते. रात्री दोनला एकदा आणि चारला एकदा कडी वाजते. सलग चार तास झोप मला शेवटची कधी मिळाली आठवत नाही.

आता खरं लिहायचं ते लिहिते. परवा रात्री त्या दार उघडायला लागल्या तेव्हा मी त्यांचं मनगट धरून ओढलं. जोरात. सकाळी आंघोळ घालताना बघितलं तर बांगडीचा वळ उमटलेला, निळा. त्यांना आठवत नव्हतं, "कुठे आपटलं गं हे" असं मलाच विचारत होत्या. मी पाणी घालत राहिले आणि काही बोलले नाही. अजून ह्यांनाही सांगितलेलं नाही.

तेव्हापासून डोक्यात आहे की आठ-दहा दिवस त्यांना कुठेतरी चांगल्या सेंटरमध्ये ठेवावं, म्हाताऱ्या-आजारी माणसांना सांभाळतात तिथे. पण ओळखीत ज्यांना विचारलं ते म्हणतात लेकीचं बाळंतपण, लग्नकार्य, ऑपरेशन असं काही असेल तर समजू शकतो. माझ्याकडे तसं कारण नाही. मला फक्त झोपायचंय. हे म्हणाले "तुला जमत नसेल तर बघ." रागाने नाही म्हणाले, पण ते वाक्य मनात रुतून बसलंय.

कोणी असं ठेवलंय का? ठेवल्यावर त्रास वाढतो का? काय बघून ठरवायचं?

---

मिलिंद_कोथरूड

अबोलीताई, आधी एक सांगतो, कारण आहे तुमच्याकडे. बांगडीचा वळ हेच कारण आहे आणि तुम्ही ते लपवलं नाही इथे. माझ्याकडून याहून वाईट झालंय, मी वडिलांवर ओरडलो होतो आणि ते रडले होते, ७९ वर्षांचा माणूस.

वडिलांना पार्किन्सन्स, म्हणजे कंप आणि अंग ताठ होण्याचा आजार, आम्ही दोघंच, मी वर्क फ्रॉम होम. मी चार वर्षं कोणालाच काही मागितलं नाही, मला वाटायचं होईल, होतंय की. मग एका गुरुवारी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलो, बीपी १९० च्या वर, तीन दिवस ॲडमिट. त्या रात्री वडिलांना कुठे ठेवायचं? मित्राने दोन तासांत फोनाफोनी करून जे सेंटर मिळालं तिथे पोचवलं, मी ती जागा डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. तिथल्या लोकांनी मुद्दाम काही केलं नाही पण त्यांची गोळ्या द्यायची पद्धत म्हणजे नाश्त्याच्या ताटाबरोबर सगळ्यांना एकदम. पार्किन्सन्सची लेव्होडोपाची गोळी घड्याळाच्या काट्यावर लागते आणि जेवणाच्या अर्धा तास तरी आधी, प्रोटीनबरोबर गेली तर नीट लागू पडत नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर बाबा लाकडासारखे ताठ, चमचा तोंडाशी नेता येईना. मला बघून नुसते पाणावलेले डोळे.

म्हणून म्हणतो की तुम्ही अजून उभ्या आहात, चार ठिकाणं बघून निवडू शकता, तोवरच जा. मला तो वेळ मिळाला नाही.

आता दर तीन महिन्यांनी पाच दिवस असं आधीच कॅलेंडरवर मारून ठेवलंय, वेगळं सेंटर शोधलं, गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून त्यांच्या पलंगाच्या वर चिकटवतो आणि एक साधा मोबाइल नुसता अलार्मसाठी देतो. मला दिवसाला १४०० पडतात, डायपर आणि औषधं आपली. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे पेशंटबरोबर घरचे पण येतात, मला हे कॅलेंडरचं तिथल्याच एका काकूंनी सांगितलं. तुमच्याकडे अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटीची मुंबई शाखा आहे, मूळ संस्था १९९२ पासूनची, केरळमधली. त्यांना फोन करा, घरच्यांसाठीचे सपोर्ट ग्रुप विचारा.

आणि ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, एल्डरलाइन १४५६७, फुकट आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. आपल्या भागात कुठली सेंटर आहेत ही माहिती ते देतात. तिथे जाऊन बघायचं काम मात्र आपलंच.

---

रात्रपाळी

मी नर्स आहे, नाशिकला अशाच एका केंद्रात नऊ वर्षं काम करतेय, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. जरा मोठं होईल.

त्रास वाढतो का, तर पहिले दोन-तीन दिवस वाढतो, हे कोणी लपवत असेल तर त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. घरात त्यांना बाथरूम कुठे हे डोक्याने आठवत नसलं तरी पायांना माहीत असतं, भिंतीला हात लावत जातात. नवीन जागेत ते सगळं जातं आणि नवीन शिकणं हेच तर या आजारात होत नाही. बरेच जण तीन-चार दिवसांत तिथल्या वेळापत्रकाला लागतात. काही नाही लागत. म्हणून एकदम दहा दिवस नको. आधी एक दिवस सकाळी सोडून संध्याकाळी न्या, मग एक रात्र, मग पाच-सहा दिवस. आणि ताप, खोकला, नुकतंच हॉस्पिटलमधून आलेलं, किंवा दोन दिवसांत अचानक जास्त गोंधळ वाढलाय असं असेल तर पाठवूच नका, आधी लघवी तपासा. म्हाताऱ्या माणसांत युरिन इन्फेक्शन झालं की ताप नसतानाही माणूस एकदम बरळायला लागतो, आणि घरच्यांना वाटतं आजारच वाढला.

जागा बघायला सकाळी अकराला जाऊ नका. तेव्हा फरशी पुसलेली असते, आजीआजोबा आंघोळ करून टीव्हीसमोर बसवलेले असतात. संध्याकाळी सहा-साडेसहाला जा, न सांगता. तुमच्या आई जशा सहाला गाठोडं बांधतात तशा तिथल्या दहाही जणी बांधत असतात. त्या वेळी तिथला माणूस त्यांच्याशी कसा बोलतो ते बघा. कोणाला खुर्चीला ओढणीने बांधलंय का बघा. रात्री किती पेशंटमागे किती माणसं जागी असतात हे विचारा, दिवसाचं नाही, रात्रीचं. नाक उघडं ठेवा. आणि डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात आणि मध्यरात्री काही झालं तर कोणत्या हॉस्पिटलला नेतात हे लेखी मागा.

बरोबर काय द्यायचं, तर घरची पांघरायची चादर, न धुतलेली चालेल, वास ओळखीचा असतो. गोळ्या पाकिटातच, सुट्या नकोत. आणि एक कागद. आमच्याकडे येतो त्या फॉर्मवर वजन, शुगर, ॲलर्जी असं सगळं असतं पण मला रात्री दोनला ते उपयोगाचं नसतं. मला हे पाहिजे असतं की या आजींना कोणत्या नावाने हाक मारली की बघतात, चहा बशीतून लागतो की कपातून, अप्पा कोण, आणि चिपळूणची गाडी म्हणाल्या तर घरी काय उत्तर देता. एकदा एका आजोबांच्या मुलीने लिहून दिलं होतं की "चिडले तर भाताच्या पेरणीबद्दल विचारा". त्या एका ओळीवर मी सात रात्री काढल्या, ते कसे चिखलणी करायचे ते मला सांगत सांगत झोपायचे.

तो वळ आहे ना, तो दाखल करताना दाखवा. अंगावर आधीचं काय आहे त्याचा फोटो काढून दोघांच्या सह्या घेतात चांगल्या ठिकाणी, आणि नसतील घेत तर तुम्ही घ्या. कसा झाला तेही सांगा. आम्ही कोणी तुम्हाला बोल लावणार नाही ताई. आम्ही आठ तास ड्यूटी करून घरी जातो, सुट्टी असते, बदली माणूस असतो. तुम्ही पाच वर्षं बदलीशिवाय ड्यूटीवर आहात.

एक अजून. आईंना घरातच ठेवून बाई लावणं आणि तुम्ही बाहेर जाणं हा पण मार्ग आहे, जागा न बदलल्यामुळे डिमेन्शियाच्या, म्हणजे अशा विसरण्याच्या आजाराच्या माणसांना तो बरेचदा जास्त मानवतो. फक्त तुम्ही खरंच घराबाहेर जायचं. बाई ठेवून स्वतः आतल्या खोलीत झोपलेल्या सुना मी पाहिल्यात, कडी वाजली की आधी त्याच उठतात.

---

सदाशिव_कोल्हापूर

सगळ्यांचं वाचलं. राग मानू नका पण मला नाही पटत. आमची आई नऊ वर्षं जागेवर होती, शेवटची दोन वर्षं तर नाकातून नळी. आम्ही कुठे ठेवली नाही. चौघं भाऊ, एकेका महिन्याची पाळी, ज्याची पाळी त्याच्या घरी आई. गावात आजूबाजूच्या बायका पण येऊन बसायच्या. आईचा हात शेवटी आमच्या हातात होता. परक्या माणसाच्या हातचं पाणी तिला शेवटी मिळालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

अबोलीताई तुमची परिस्थिती अवघड आहे, मान्य. पण आधी नातेवाइकांत कोणी बघा.

---

तन्वी_रेडिंग

सदाशिवदादा, तुमच्या आईंना खूप चांगली मुलं मिळाली. पण एक बघा ना, एक महिना पाळी म्हणजे प्रत्येक भावाला आणि प्रत्येक वहिनींना मध्ये तीन महिने सुट्टी मिळत होती. अबोलीताई जे मागतायत ते हेच आहे, त्यांच्याकडे बाकीची तीन घरं नाहीत एवढाच फरक.

मी इंग्लंडला असते आणि मी ती लांबची नणंद आहे. आई नागपूरला दादा-वहिनींकडे, स्ट्रोकनंतर उजवी बाजू गेलेली. चार वर्षं मी काय केलं, तर पैसे पाठवले आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर सूचना दिल्या. "वहिनी, आईचे केस विंचरले नाहीस का आज?" हे मी म्हटलंय. माझ्या तोंडाने. मागच्या वर्षी वहिनीच्या पाठीचं दुखणं निघालं म्हणून तीन आठवडे गेले आणि पहिल्याच रात्री आईला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची होती, पाठीला जखम होऊ नये म्हणून. दहा, बारा, दोन, चार, सहा. पाचव्या दिवशी मीच आईवर खेकसले. पाचव्या! वहिनी चार वर्षं करत होती आणि मी तिला केसांबद्दल विचारत होते. त्या रात्री मी तिच्या खोलीत जाऊन तिची माफी मागितली. ती म्हणाली, "अहो वन्सं, आधी झोपा."

आता वर्षाची सगळी रजा साठवून तीन आठवडे मी जाते आणि दादा-वहिनी त्या दिवसांत घराबाहेर असतात, हे पक्कं आहे. इंग्लंडमध्ये केअर ॲक्ट २०१४ प्रमाणे सांभाळणाऱ्या माणसाची स्वतःची गरज काय आहे याची पाहणी करून मागता येते, पेशंटची वेगळी आणि याची वेगळी. आणि एप्रिल २०२४ पासून इथे नोकरदाराला वर्षाला एक आठवडा केअरर्स लीव्ह घेता येते. बिनपगारी आहे, फार काही नाही, पण सांभाळणाऱ्याला नाव तरी आहे. आपल्याकडे पेशंटची फाइल असते, वहिनीची कुठे असते?

अबोलीताई, इंदूरच्या नणंदेला सांगा. ती येऊ शकणार नाही कदाचित, तिचं पण तेच चाललंय. पण सांगा. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

---

सदाशिव_कोल्हापूर

तन्वी, तीन महिन्यांचं तुझं म्हणणं बरोबर आहे, मी असा विचार केला नव्हता. तरी मन होत नाही. पण ताईंना नावं ठेवणार नाही.

---

निलूमावशी

माझा मुलगा २७ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने लहानपणापासून हालचालींवर ताबा नाही. मला २७ वर्षं लोक "तू किती खंबीर" म्हणतात आणि निघून जातात. आमच्यासारख्यांसाठी १९९९ च्या कायद्याने नॅशनल ट्रस्ट ही सरकारी संस्था झाली, त्यांची निरामय म्हणून वर्षाला एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे आणि समर्थ म्हणून योजना आहे तिच्यात सांभाळणाऱ्याला असा विसावा देणंही येतं, पण ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांनाच, म्हाताऱ्या माणसांना नाही. ज्यांची मुलं या चारांत बसतात त्यांच्यासाठी लिहिलं.

कॅन्सरचं कोणाचं असेल तर पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, म्हणजे दुखणं-त्रास कमी करून आराम देणारं, १९९७ पासून, एक पैसा घेत नाहीत. नातेवाइकाला पेशंटबरोबर राहता येतं. माझी जाऊ तिथे दिरांबरोबर राहिली, पहिल्या दिवशी सिस्टरने तिला सांगितलं तुम्ही झोपा आम्ही बघतो, तर ती दुपारी तीनपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झोपली. मुंबईत बांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, ते पण कॅन्सरवाल्यांसाठी, गोव्यातही त्यांचं आहे.

आणि अबोली, आळंदीहून निघालेली पालखी पण रोज मध्ये विसाव्याला थांबते गं. कोणी विचारत नाही का थांबलात म्हणून. तुझं मन फार खाली गेलं तर टेलीमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास असतं, मराठीत बोलतात. मी दोनदा केलाय.

---

रात्रपाळी

निलूमावशींचं वाचून आठवलं. डॉक्टरांकडे जाल तेव्हा आईंची फाइल बाजूला ठेवून स्वतःबद्दल पण बोला. झरीट नावाची २२ प्रश्नांची प्रश्नावली असते, ती सांभाळणाऱ्या माणसासाठीच आहे. राग येतो का, स्वतःला वेळ उरतो का, तब्येतीवर परिणाम झालाय का असं विचारतात, आणि तुमच्यावर किती ओझं आहे ते आकड्यात येतं. मिस्टरांना तोंडाने सांगायला तुम्हाला जड जात असेल तर तो भरलेला कागद दाखवा.

---

अबोली_डों

सात आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांना उत्तर द्यायला जमलं नाही.

ह्यांना वळाचं सांगितलं. प्रश्नावली वगैरे लागली नाही, मी सांगता सांगता रडायलाच लागले. ते काही बोलले नाहीत, पण त्या रात्री दोनला कडी वाजली तेव्हा तेच उठले, आणि आता शुक्रवार-शनिवारच्या रात्री त्यांच्या असतात. नणंदेलाही फोन केला. ती म्हणाली येता येत नाही पण सेंटरचे पैसे मी देणार, आणि मग आम्ही दोघी तासभर आपापल्या सासवांबद्दल बोललो. असं कधीच बोललो नव्हतो.

तीन जागा बघितल्या, सगळ्या संध्याकाळी. पहिल्या ठिकाणी दारावरच "भेटीची वेळ दहा ते बारा" म्हणून परत पाठवलं, ते बाद. दुसऱ्या ठिकाणी वास. तिसरी बदलापूरला, एक मुलगी आजींबरोबर खाली बसून शेंगा निवडत होती, नुसत्याच, परत परत त्याच शेंगा. ती ठरवली. आधी एक दिवस, मग एक रात्र, मग सहा दिवस. कागद लिहून दिला, दोन पानं झाली. बशीतला चहा, अप्पा, चिपळूण.

पहिले दोन दिवस त्या जेवल्या नाहीत नीट. मला फोन आला तेव्हा मी निघणारच होते, ह्यांनी चप्पल हातातून काढून घेतली आणि म्हणाले उद्यापर्यंत थांब. तिसऱ्या दिवशी खाल्लं. मी पहिले दोन दिवस झोपले, नंतर वाईला बहिणीकडे गेले. कृष्णेच्या घाटावर पायऱ्यांवर बसलो होतो संध्याकाळी, आणि सहा वाजले तेव्हा माझं अंग आपोआप ताठ झालं, कान दाराकडे. बहीण म्हणाली काय झालं. काही नाही म्हटलं. तिथे दारच नव्हतं.

घरी आणलं तेव्हा एक किलो वजन कमी झालेलं, कोपरावर थोडं खरचटलेलं, त्यांनी ते वहीत लिहून ठेवलं होतं, तारीख वेळ सकट. मला बघून ओळख दिली की नाही नक्की सांगता येत नाही, पण रिक्षात माझा पदर धरून बसल्या होत्या. त्या संध्याकाळी परत गाठोडं. मी चपला घातल्या, त्यांना घातल्या, म्हटलं चला स्टँडवर जाऊ, आणि बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये चार फेऱ्या मारल्या. "गाडी आज नाहीये वाटतं" असं त्याच म्हणाल्या आणि परत आल्या. आधी पण हे करता आलं असतं, अंगात तेवढी शक्तीच नव्हती.

पुढचे सहा दिवस नोव्हेंबरमध्ये, आगाऊ पैसे भरलेत. आता रोज संध्याकाळी पाच ते आठ अशी बाई शोधतेय, म्हणजे पॅसेजमधल्या फेऱ्या कधीतरी दुसऱ्या कोणाला मारता येतील. ब्युरोवाले म्हणतात बारा तासांच्या खाली बाई देत नाही. डोंबिवली पूर्वेला तीन तासांसाठी येणारी कोणी असेल तर मला मेसेज करा, आईंच्या आवडीचं एवढंच की गाणं म्हणणारी असली तर बरं.